ओट्याला धरून

डोंबिवलीतल्या एका तिसऱ्या मजल्यावर मी पहिल्यांदा गेले, तेव्हा आजी पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. सून कौतुकाने सांगत होती, "मॅडम, आम्ही त्यांना काही म्हणजे काही करू देत नाही. पाणीसुद्धा हातात देतो." आजींचं वय ८२. दोन महिन्यांपूर्वी मोरीत पाय सरकला, मनगटाचं हाड मोडलं. प्लास्टर निघालं, हाड छान जुळलं. पण तेवढ्यात त्यांचं खुर्चीतून उठणं बंद झालं होतं. दोघांनी काखेत हात घालून उचललं की कशाबशा उभ्या राहायच्या आणि लगेच म्हणायच्या, "बसवा गं, पडेन मी." मनगट मोरीने मोडलं होतं, पाय मात्र घरच्यांच्या मायेने गेले होते.

अशी घरं मी आठवड्याला दोन-चार तरी बघते. म्हणून ही कृती लिहून ठेवते आहे. ती अंगातलं त्राण कमी झालेल्या माणसांसाठी आहे: वर्षभरात न ठरवता वजन उतरलंय, लवकर दमायला होतं, मुठीत जोर नाही, चाल मंदावलीय, दिवस बसण्यात जातो. यातली तीन लक्षणं असली की वैद्यकशास्त्र त्याला जराजर्जरपणा म्हणतं. सकाळी बागेत झपझप चालणाऱ्या सत्तरीच्या काकांसाठी ही कृती फारच सौम्य ठरेल.

सुरुवातीआधी

डॉक्टरांना एकदा विचारा. छातीत दुखतं, बसल्या जागी धाप लागते, नुकतंच ऑपरेशन किंवा पक्षाघाताचा झटका झालाय, पडल्यापासून खुबा दुखतोय, असं काही असेल तर त्यांनी हो म्हटल्याशिवाय काहीच सुरू करायचं नाही. त्यांच्याकडे जाताना गोळ्यांची सगळी पिशवी न्या. झोपेच्या गोळ्या, बीपीच्या, लघवीच्या त्रासाच्या, यांतल्या काहींनी उभं राहिल्यावर अंधारी येते आणि घरचे म्हणतात, "म्हातारपण, दुसरं काय!"

अंधारीचा माग घरीही काढता येतो. पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्या. मग उभं करा आणि एका मिनिटाने व तिसऱ्या मिनिटाला पुन्हा घ्या. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर आधी तो प्रश्न सोडवा. आणि मणक्याची हाडं ठिसूळ असल्याचं निदान झालं असेल, तर पुढे खोल वाकण्याचे आणि कंबर पिळण्याचे प्रकार कोणीही सुचवले तरी टाळा.

जागा आणि सामान

स्वयंपाकघराचा ओटा. व्यायामशाळेतल्या दांडीपेक्षा मला तो आवडतो, कारण कडप्पा किंवा ग्रॅनाइट हलत नाही आणि उंची साधारण कमरेला येते. ओटा इंग्रजी एल अक्षरासारखा वळलेला असेल तर कोपऱ्यात उभं करा आणि मागे एक भक्कम खुर्ची ठेवा. मग तीन बाजू राखल्या जातात. गॅस बंद. सिंककडची बाजू नको, तिथे फरशी ओली असते. प्लास्टिकची खुर्ची मागे सरकते, म्हणून लाकडी किंवा लोखंडी घ्या आणि ती भिंतीला टेकवा. दाराशी जुन्या साडीचं गुंडाळी होणारं पायपुसणं असेल तर ते व्यायामापुरतं नाही, कायमचंच उचला.

पायांत सपाता नकोत. मागे पट्टा असलेली, रबरी तळाची चप्पल किंवा बूट हवेत. गाऊन घोट्याच्या वर, लुगडं असेल तर निऱ्या वर खोचलेल्या. चष्मा, कानाचं यंत्र लावलेलं. पोट रिकामं नको आणि जेवणही नुकतंच झालेलं नको. सकाळच्या नाश्त्यानंतर तासाभराने बरं. मधुमेहाची औषधं चालू असतील तर साखरेचा डबा हाताशी असू द्या.

सोबतच्या माणसाने कुठे उभं राहायचं, हे मला दर घरी सांगावं लागतं. समोर उभं राहून दोन्ही हात ओढायचे नाहीत. तसं केलं की म्हातारं माणूस आपल्यावर लटकतं आणि त्याचा स्वतःचा तोल कामालाच लागत नाही. दुबळ्या बाजूला, अर्धं पाऊल मागे उभे राहा. त्यांच्या कमरेला कपड्यांवरून बकलाचा रुंद पट्टा बांधा आणि आपला एक हात त्या पट्ट्याजवळ ठेवा, पकडू नका. तोल खरंच गेला तरच पट्टा धरायचा.

आधी मोजायचं

भिंतीवरच्या कालनिर्णयाचा चौकोन यासाठी पुरेसा आहे. पहिलं माप खुर्चीचं: सुमारे १७ इंच उंचीच्या खुर्चीतून, हात छातीवर घडी करून, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता-बसता येतं. आजींच्या वयोगटात, म्हणजे ८० ते ८४ मध्ये, बाईला ९ आणि पुरुषाला १० उठबशा जमल्या नाहीत तर पाय कमी पडताहेत असं समजतात. हातांनी रेटून उठावं लागलं तर आकडा शून्य. आजींचा शून्य होता. चौकोनात तो शून्य लिहिताना सुनेला कसंसंच झालं, पण मी तिला लिहायला लावला.

दुसरं माप उभं राहण्याचं, प्रत्येक प्रकारात दहा सेकंद. पावलं जोडून. मग एक पाऊल अर्धं पुढे, म्हणजे एकाच्या अंगठ्याला दुसऱ्याच्या टाचेची आतली बाजू लागेल असं. मग एका रेषेत, पुढच्याची टाच मागच्याच्या बोटांना चिकटलेली. शेवटी एका पायावर. रेषेतलं उभं राहणं दहा सेकंद टिकलं नाही तर पडण्याचा धोका जास्त धरायचा. मोजताना सोबतचा माणूस जवळ हवाच, आणि एक प्रकार जमला नाही की पुढचा करून बघायचा नाही.

कृती

पाच मिनिटं बसूनच अंग मोकळं करा. जागच्या जागी पावलं उचलणं, घोटे गोल फिरवणं, गुडघा सरळ करून पाय समोर धरणं, खांदे फिरवणं. एवढंच.

*उठणं-बसणं.* माझ्या मते निम्मं काम इथेच होतं. नितंब खुर्चीच्या पुढच्या कडेपर्यंत आणा. पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे घ्या. पावलं पुढे राहिली की कितीही जोर लावला तरी उठता येत नाही. आता पुढे झुका, इतकं की नाक पायाच्या बोटांवर आलं पाहिजे. इथे आजी थांबायच्या, कारण पुढे झुकलं की तोंडावर आपटू असं वाटतं. घाबरलेलं माणूस उठताना मागे रेलतं आणि धपकन पुन्हा खुर्चीत पडतं. म्हणून मी समोर एक स्टूल ठेवते आणि त्यावर दोन्ही तळहात सरकवत पुढे यायला सांगते. झुकण्याची भीती गेली की स्टूल काढायचं. मग पाय जमिनीत रोवून उठा, पूर्ण ताठ व्हा, दोन अंक मोजा. बसताना चार अंक मोजत, सावकाश. खाली येतानाचा सावकाशपणा मांडीला सर्वांत जास्त काम देतो, आणि संडासात धपकन बसून पडणाऱ्यांना नेमका तोच लागतो.

खुर्चीतून उठता येत नसेल तर बैठकीवर घट्ट घडी केलेली सतरंजी घालून उंची वाढवा, आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी एकेक घडी कमी करा. पाच वेळा, मध्ये विश्रांती, पुन्हा पाच. दहा-दहा जमेपर्यंत.

"या वयात कसला जोर येणार?" असं विचारणाऱ्यांना मी बोस्टनची गोष्ट सांगते. तिथल्या वृद्धांच्या एका संस्थेत ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांना आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा भरपूर वजनाचा व्यायाम दिला. शेवटपर्यंत टिकलेल्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. हे १९९० साली छापून आलंय. जोर येतो, वजन मात्र वाढवत न्यावं लागतं.

*ओट्याशी पाय.* दोन्ही तळवे ओट्यावर. टाचा उचलून चवड्यांवर, दहा वेळा. बोटं उचलून टाचांवर, दहा वेळा. यात मागे कलायला होतं, म्हणून मागची खुर्ची. एक पाय बाजूला उचलणं, अंग न झुकवता. गुडघे थोडेसे वाकवून परत सरळ होणं. हे सोपं झालं की घोट्याच्या वर वजन बांधायचं. बाजारात पट्टे मिळतात. नाहीतर जुन्या पँटच्या कापडाची पिशवी शिवून अर्धा किलो कोरडी रेती भरा. दहा-दहाचे दोन हप्ते दम न लागता होऊ लागले की वजन थोडं वाढवा. महिनोन्‌महिने तेच अर्धा किलो उचलणाऱ्यांना उपयोग होत नाही.

*उभं राहणं.* आता खरा तोल. मापासाठी केलेले चारही प्रकार इथे परत येतात. प्रत्येक प्रकार दहा सेकंदांपासून तिसापर्यंत वाढवायचा. पण गंमत पायांपेक्षा हातांत आहे. हातांच्याही चार पायऱ्या करा: दोन्ही तळवे टेकलेले, एक तळवा, दोन बोटं, आणि शेवटी हात ओट्याच्या दोन इंच वर, हवेत. एका वेळी एकच गोष्ट अवघड करायची. पावलं जोडून, हात हवेत ठेवून दहा सेकंद जमलं की पावलांचा पुढचा प्रकार घ्या, पण तळवे पुन्हा ओट्यावर टेकवून.

आणि डुलायला झालं पाहिजे. घरच्यांना हे पटवणं कठीण जातं. आजी घोट्यातून जरा हलल्या की सून "अगं आई गं!" म्हणून धरायला धावायची. मी तिला आजींचे घोटे बघायला सांगितले. दोन बोटं टेकवून उभ्या असताना त्यांच्या पावलावरच्या शिरा सारख्या ताठत-सैलावत होत्या, अंगठा फरशी धरत होता, सुटत होता. डोळे, आतला कान आणि तळपाय मेंदूला खबर देतात, आणि मेंदू घोट्याला हुकूम सोडतो. तोल शिकणं म्हणजे हीच देवाणघेवाण, आणि ती डुलताना चालते. दगडासारखं स्थिर उभं राहता आलं तर ती पायरी सोपी झाली, पुढची घ्या. उलट प्रत्येक वेळी ओटा घट्ट धरावा लागत असेल तर एक पायरी मागे या. डोळे मिटून करायचा प्रकार बऱ्याच व्हिडिओंत दाखवतात. या माणसांनी तो घरी करू नये.

*हलता तोल.* माणसं उभ्या उभ्या क्वचितच पडतात. पडतात ती वळताना, काही घ्यायला हात लांबवताना, उंबरठ्यावर. म्हणून ओट्याला धरून खेकड्यासारखं बाजूला चालत जा आणि परत या. मग एक हात ओट्यावर ठेवून मागे चाला, चार-पाच पावलं. टाचेला बोटं लावत सरळ रेषेत चाला. दोन फरश्यांमधली रेघ त्यासाठी आयतीच आहे. ओट्यावर डावीकडे ठेवलेला साखरेचा डबा उजव्या हाताने उचलून उजवीकडे ठेवा. पावलं हलवायची नाहीत, भार एका पायावरून दुसऱ्यावर गेला पाहिजे. पंचा गुंडाळून जमिनीवर ठेवा आणि तो ओलांडा. हा आपल्या घरचा उंबरठा.

वळण वेगळं शिकवावं लागतं. पाय जागेवर रोवून कंबर फिरवली की पाय पायात अडकतो. चार-पाच लहान पावलं टाकत, घड्याळाच्या काट्यासारखं, पूर्ण वळा. हे बसलं की दोन खुर्च्या मांडून त्यांच्याभोवती मराठी आठाऐवजी इंग्रजी आठाच्या आकारात फिरा, म्हणजे दोन्ही बाजूंना वळणं येतात.

*बोलता बोलता.* मागची पायरी पक्की झाल्यावरच ही. १९९७ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी एक साधी गोष्ट नोंदवली: चालताना कोणी बोलायला लागलं की जी वृद्ध माणसं थांबतात, ती पुढच्या काही महिन्यांत जास्त पडतात. चालण्यातच सगळं लक्ष खर्च होत असतं, बोलायला उरत नाही. मग दोन्ही एकत्र करायची सवय लावायची. शंभरातून तीन-तीन वजा करा, गावाकडच्या घरांची नावं सांगा. आजींना मी दिडकी, म्हणजे दीडचा पाढा, म्हणायला सांगितली. पहिल्या दिवशी "सात दिडके साडेदहा" म्हणायला त्या ओट्याशी चक्क थांबल्या, उत्तर देऊन मगच पाऊल उचललं. पुढे पंधरा दिवसांनी पंधरापर्यंतची दिडकी चालता चालता म्हणाल्या आणि मला म्हणाल्या, "तुला येते का?" मला येत नव्हती.

किती आणि किती दिवस

आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड, अर्धा तास. एकदम झेपत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे करा. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाने ऐंशीच्या पुढच्या माणसांसाठी घरी करायचा जो कार्यक्रम नव्वदच्या दशकात बसवला, त्याचं प्रमाणही असंच आहे: पायांची ताकद आणि तोल आठवड्यातून तीनदा, जोडीला जमेल तसं चालणं. त्यांच्या पाहण्यांत पडण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटलं. पुढे २०१९ मध्ये २५ देशांतल्या १०८ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, २३ हजारांवर माणसांच्या. त्यात तोलाच्या आणि रोजच्या हालचालींच्या व्यायामाने पडणं साधारण २४ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. त्या चाचण्या आपल्या घरी राहणाऱ्यांच्या होत्या. संस्थांतल्या फार थकलेल्या लोकांत फायदा इतका स्पष्ट दिसलेला नाही. त्यांना हे शिकलेल्या माणसाच्या देखरेखीखालीच द्यावं.

नुसत्या चालण्याने तोल सुधारतो हा समज मात्र सोडा. "आम्ही त्यांना रोज सोसायटीत दोन फेऱ्या मारायला नेतो" हे मी फार ऐकते. फेऱ्या चांगल्याच आहेत, हवा लागते, माणसं भेटतात. पण मुलाच्या दंडाला लटकून मारलेल्या फेरीत तोल मुलाचा वापरला जातो. आणि ज्यांचा तोल कच्चा आहे त्यांना भरभर चालायला लावलं तर पडणं वाढूही शकतं.

दुसऱ्या दिवशी मांड्या, पोटऱ्या दुखल्या तर दुखू द्या, दोन दिवसांत उतरतं. सांध्यात कळ आली, गुडघा सुजला, तर तो प्रकार थांबवून खुर्चीची उंची वाढवा. छातीत दाटणं, घेरी, अचानक धाप, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, जीभ जड होणं, यांतलं काहीही झालं तर बसवा आणि डॉक्टर.

खाण्याचं एकच सांगते. चहात बुडवलेली दोन बिस्किटं आणि रात्री मऊ भात, यावर स्नायू उभा राहत नाही. वजनाच्या दर किलोला रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत. ५० किलोच्या आजींना ५० ते ६० ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅमच्या आसपास मिळतात, पेलाभर दुधात थोडी जास्त. दही, घट्ट वरण, उसळ, पनीर, मासे, जे घरात चालतं ते तिन्ही वेळच्या ताटात दिसलं पाहिजे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे माप डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

तरीही पडलं तर

पहिल्या झटक्यात कोणी काखेत हात घालून उचलायचं नाही. खुबा दुखतोय, पाय आखूड दिसतोय, पाऊल बाहेर वळलंय, असं असेल तर हलवू नका. डोक्याखाली उशी, अंगावर पांघरूण आणि १०८ ला फोन. लागलं नसेल तर त्यांनाच उठू द्या. एका कुशीवर वळायचं, कोपरावर, मग हात-गुडघ्यांवर. खुर्ची जवळ सरकवायची, बैठकीवर दोन्ही हात, चांगला पाय पुढे, आणि वर. हे गादीवर आधी एकदा फिजिओसमोर करून घेतलेलं असलं की पडल्यावर सुचतं. आजींबरोबर आम्ही नवव्या आठवड्यात केलं. खाली बसायला तयार नव्हत्या. उठून खुर्चीत बसल्यावर म्हणाल्या, "एवढंच होय!" आणि त्या दिवसापासून मोरीत एकट्या जाऊ लागल्या. मोरीत तोवर भिंतीला दांडी बसवून घेतली होती, बादलीही खाली न ठेवता स्टुलावर आली होती.

त्यांच्या कालनिर्णयावर सहाव्या आठवड्याच्या चौकोनात ४ आहे, बाराव्याच्या चौकोनात ७. अजून ९ झालेले नाहीत. मध्ये गणपतीत घर पाहुण्यांनी भरलं आणि दहा दिवस काहीच झालं नाही. नंतर तापही आला. असा खंड सगळ्यांच्याच घरी पडतो. तेव्हा जिथे सोडलं तिथून सुरू करू नका. दोन पायऱ्या खाली या, खुर्चीवर सतरंजीची एक घडी परत घाला, आणि दोन्ही तळवे ओट्यावर.